डॉ. ऑयगेन ब्लॉयलर : 'स्किझोफ्रेनिया' हे नाव देणारा माणूस



आज आपण एका डॉक्टरांचं चरित्र वाचणार आहोत. त्यांचं नाव तुमच्यातल्या फार कमी जणांनी ऐकलं असेल, पण त्यांनी तयार केलेले शब्द मात्र तुम्ही नक्की ऐकले आहेत. 'स्किझोफ्रेनिया' हा त्यांतला एक आणि 'ऑटिझम' हा दुसरा. हे दोन्ही शब्द एकाच माणसाने दिले. त्यांचं नाव डॉ. ऑयगेन ब्लॉयलर.

एखाद्या आजाराला नाव दिलं, त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण विचार करा. वर्गात एखाद्या मुलाला एकदा 'ढ' म्हणून हाक मारली की पुढची कितीतरी वर्षं ते नाव त्याला चिकटून राहतं. शिक्षकही त्याच नजरेने बघायला लागतात, आणि शेवटी तो मुलगाही स्वतःला तसंच समजायला लागतो. आजाराच्या नावाचंही असंच असतं. चुकीचं नाव माणसाच्या आशेवर दार लावू शकतं. ब्लॉयलर यांनी असंच एक बंद दार थोडं का होईना, उघडलं. कसं, ते आता पाहू.

जन्म आणि बालपण

ब्लॉयलर यांचा जन्म ३० एप्रिल १८५७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झोलिकोन या गावी झाला. झुरिक शहराला लागूनच, तळ्याकाठी हे गाव आहे. घर शेतकऱ्याचं. वडील शेतीबरोबर रेशमाचा व्यापार करायचे आणि गावच्या शाळेच्या कारभारातही लक्ष घालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत झुरिक शहरातल्या लोकांच्या हाती सगळी सत्ता होती. खेड्यातल्या मुलांना मोठं शिक्षण घेणं अवघड होतं. पुढे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी आपले हक्क मिळवले, १८३३ मध्ये झुरिक विद्यापीठ सुरू झालं आणि शेतकऱ्यांच्या मुलांनाही शिकायची वाट मोकळी झाली. ऑयगेन हा त्याच वाटेने पुढे गेलेला मुलगा.

या घरात एक दुःख होतं. ऑयगेनची मोठी बहीण तरुणपणीच गंभीर मानसिक आजाराने आजारी पडली. तिला झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. हे रुग्णालय १८७० मध्ये सुरू झालं होतं आणि झोलिकोनपासून जवळच होतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. त्या रुग्णालयाचे सुरुवातीचे काही प्रमुख जर्मनीहून आलेले मोठे विद्वान होते. मेंदूच्या अभ्यासात त्यांचा दबदबा होता. पण ते बोलायचे पुस्तकी जर्मन, आणि आसपासचे शेतकरी बोलायचे स्विस जर्मन बोली. या दोन्हींत इतका फरक आहे की एकाचं बोलणं दुसऱ्याला धड समजत नाही. म्हणजे रुग्ण आपलं दुःख सांगतोय आणि समोरच्या डॉक्टरांना ते कळतच नाही! गावोगावचे लोक याबद्दल कुरकुर करायचे. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर हवा, असं त्यांना वाटायचं. आपल्याकडे अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीही न येणाऱ्या डॉक्टरपुढे बसवलं तर तिचं काय होईल, ते आठवा म्हणजे ही कुरकुर लगेच समजेल.

ऑयगेनने ही कुरकुर घरातच ऐकली होती. त्याने मनोविकारांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं, त्यामागे ही कुरकुर होती आणि बहिणीचं दुखणंही होतं.

शिक्षण

ब्लॉयलर झुरिक विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकले आणि १८८१ मध्ये डॉक्टर झाले. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी बर्नजवळच्या वाल्डाऊ मनोरुग्णालयात काम केलं. मग पॅरिसला जाऊन त्या काळचे नामवंत मेंदूतज्ज्ञ शार्को यांचं काम पाहिलं, लंडन आणि म्युनिकलाही जाऊन आले. परत आल्यावर बुर्गहोल्झ्लीत ऑग्युस्त फोरेल यांच्या हाताखाली ते साहाय्यक म्हणून लागले. आणि १८८६ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, एका मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या ठिकाणाचं नाव ऱ्हाइनाऊ.

ऱ्हाइनाऊची बारा वर्षं

ऱ्हाइनाऊ म्हणजे ऱ्हाइन नदीतलं एक बेट. तिथल्या जुन्या मठाच्या इमारतीत हे रुग्णालय होतं. इतर ठिकाणी ज्यांच्यावर उपाय थकले, अशा जुनाट रुग्णांना इथे आणून ठेवत. अशा जागी बदली म्हणजे कुणालाही शिक्षाच वाटली असती.

ब्लॉयलर तिथे बारा वर्षं राहिले. त्यांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. ते रुग्णालयातच राहायचे आणि दिवसाचा बहुतेक वेळ रुग्णांबरोबर घालवायचे. त्यांच्याबरोबर शेतात आणि कारखान्यात काम करायचे, फिरायला न्यायचे, नाटकं आणि नाच बसवायचे. आणि महत्त्वाचं म्हणजे, ते त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायचे. खिशात कागदाच्या चिठ्ठ्या असायच्या. रुग्ण जे बोलेल, मग ते कितीही विचित्र वाटो, ते टिपून ठेवायचे.

मित्रांनो, इथे एक तुलना करू. ज्या १८८६ साली ब्लॉयलर ऱ्हाइनाऊला गेले, त्याच साली एमिल क्रेपेलिन नावाचे तरुण जर्मन डॉक्टर आजच्या एस्टोनियातल्या डोरपाट इथे प्राध्यापक झाले. क्रेपेलिन हे आधुनिक मनोविकारशास्त्राचे एक जनक मानले जातात, त्यांची हुशारी आणि मेहनत याबद्दल शंकाच नाही. पण डोरपाटचे पुष्कळ रुग्ण एस्टोनियन बोलणारे होते आणि क्रेपेलिन यांना ती भाषा येत नव्हती. मध्ये दुभाषी लागायचा. दोघेही डॉक्टर एकाच प्रकारच्या आजारांचा अभ्यास करत होते. एकाला रुग्णाचं बाहेरून दिसणारं वागणं आणि आजाराचा शेवट जास्त दिसत होता. दुसऱ्याला आजाऱ्याच्या मनात काय चाललंय ते ऐकू येत होतं. या फरकाला भाषा हे एकच कारण होतं असं नाही. पण पुढे दोघांनी त्याच आजाराला दोन वेगळी नावं दिली, त्या वेळी हा फरक स्पष्ट दिसला.

जुनं नाव काय होतं?

क्रेपेलिन यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि मानसिक आजारांची वर्गवारी केली. १८९९ च्या त्यांच्या ग्रंथात दोन मोठे गट स्पष्ट झाले. एका गटात मन कधी फार उंच उडतं, कधी खोल बुडतं, पण मधल्या काळात माणूस सावरतो. दुसऱ्या गटाला त्यांनी नाव दिलं 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे तरुणपणीच येणारा बुद्धिनाश.

आता या नावाचा अर्थ बघा. वीस वर्षांच्या मुलाला हे नाव मिळालं की त्याच्या आईवडिलांना काय कळायचं? की याची बुद्धी हळूहळू संपणार, आणि यातून परत येणं नाही. नावातच निकाल लावलेला होता! क्रेपेलिन यांचा हेतू वाईट नव्हता. काही रुग्ण सुधारतात, हे त्यांनीही नोंदवलं होतं. पण नाव मात्र शेवट सांगून मोकळं होत होतं.

बुर्गहोल्झ्लीत परत

१८९८ मध्ये ब्लॉयलर बुर्गहोल्झ्लीचे प्रमुख आणि झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्या रुग्णालयाबद्दल शेतकरी कुरकुर करायचे, तिथे आता शेतकऱ्याचा मुलगा मुख्य खुर्चीवर बसला. १९०१ मध्ये त्यांनी हेडविग वाझर यांच्याशी लग्न केलं. त्या साहित्यात डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषी होत्या आणि दारूबंदीच्या चळवळीत काम करायच्या. ब्लॉयलरही दारूच्या कडक विरोधात होते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही दारू घ्यायची नाही, असा तिथला नियमच होता.

आजारी बहिणीला त्यांनी आपल्याजवळ आणलं. ती त्यांच्या कुटुंबात, रुग्णालयातल्या घरातच राहायची. ती फारशी बोलत नसे, खोलीत फेऱ्या मारत राही, आणि ब्लॉयलर यांची मुलं तिच्या आजूबाजूला खेळत असत, असं तेव्हा तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं. म्हणजे हा आजार ब्लॉयलर यांच्यासाठी केवळ पुस्तकातला धडा नव्हता. तो रोज त्यांच्या घरात होता.

त्या काळात बुर्गहोल्झ्ली म्हणजे मनाच्या अभ्यासाची पंढरीच झाली. कार्ल युंग १९०० च्या डिसेंबरात तिथे साहाय्यक म्हणून आले. शाईच्या डागांची चाचणी पुढे १९२१ मध्ये प्रसिद्ध करणारे हेर्मान रोरशाक यांनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध ब्लॉयलर यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांचे विचार गंभीरपणे घेणारे पहिले विद्यापीठीय प्राध्यापक म्हणूनही ब्लॉयलर यांचं नाव घेतलं जातं. मात्र ते आंधळे भक्त झाले नाहीत. फ्रॉइड यांच्या संघटनेत आमच्या बाजूचे नाहीतर विरोधक अशी हवा तयार झाली, तेव्हा ते १९११ मध्ये तिथून बाहेर पडले. विज्ञानात मतभेदाला जागा हवी, असं त्यांचं मत होतं.

शब्दांचा प्रयोग

बुर्गहोल्झ्लीत युंग आणि त्यांचे सहकारी एक सोपा प्रयोग करायचे. समोरच्याला एक शब्द सांगायचा आणि मनात येणारा पहिला शब्द बोलायला लावायचा. किती वेळ लागला, तेही घड्याळ लावून मोजायचं. तुम्हीही करून बघा. पाऊस म्हटलं की कुणी छत्री म्हणेल, कुणी चिखल म्हणेल, कुणी भजी म्हणेल! एका विचाराला दुसरा विचार बांधलेला असतो. या अदृश्य धाग्यावरच आपलं बोलणं चालतं.

ब्लॉयलर यांच्या लक्षात आलं की त्यांच्या अनेक रुग्णांत बुद्धी संपलेली नसते. स्मरणशक्ती शाबूत असते, शिकलेलं आठवतं. सैल होतो तो हा धागा. एक विचार दुसऱ्याला नीट जोडला जात नाही. भावना आणि प्रसंग यांचा मेळ बसत नाही. एकाच गोष्टीची एकाच वेळी ओढही वाटते आणि तिटकाराही वाटतो. याला त्यांनी 'ॲम्बिव्हॅलन्स' हा शब्द दिला. आणि माणूस बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच जगात बुडून जातो. याला त्यांनी 'ऑटिझम' म्हटलं. हा शब्द पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी लहान मुलांमधल्या एका वेगळ्या अवस्थेसाठी वापरला आणि आज आपण तो त्याच अर्थाने ओळखतो.

कानात आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्याविरुद्ध कट करतंय असं पक्कं वाटणं, ही लक्षणं लोकांच्या डोळ्यांत आधी भरतात. ब्लॉयलर यांच्या मते ही नंतरची लक्षणं होती. मूळ बिघाड त्या सैल झालेल्या धाग्यात होता.

नवं नाव

२४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत ब्लॉयलर यांनी व्याख्यान दिलं आणि नवं नाव मांडलं: स्किझोफ्रेनिया. ग्रीक भाषेतले दोन शब्द. एकाचा अर्थ फुटणं, दुभंगणं, आणि दुसऱ्याचा अर्थ मन. त्यांचं म्हणणं साधं होतं. हा आजार नेहमी तरुणपणीच येतो असं नाही, आणि त्याचा शेवट नेहमी बुद्धिनाशातच होतो असंही नाही. मग जुनं नाव कशाला ठेवायचं?

१९११ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या नावातच त्यांनी या आजारांचा गट असल्याचं म्हटलं, म्हणजे हा एकच आजार नसून एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक आजारांचा समूह असावा. आपल्या मराठीत या शब्दाला 'छिन्नमनस्कता' म्हणतात. छिन्न म्हणजे तुटलेलं. ब्लॉयलर यांनी दिलेल्या नावाचाच हा मराठी अवतार.

नावाबरोबर वागणंही बदललं. रुग्णाला कोंडून ठेवण्यापेक्षा काम द्या, माणसांत ठेवा, आणि जमेल तितक्या लवकर घरी पाठवून बघा, असा त्यांचा आग्रह होता. लवकर घरी गेलेले काही रुग्ण डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा चांगले राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

ही बाजूही माहीत हवी

चरित्र म्हणजे आरती नव्हे. म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळी युरोपात असा एक विचार पसरला होता की मानसिक आजार असलेल्यांना मुलं होऊच देऊ नयेत. ब्लॉयलर यांनीही रुग्णांच्या नसबंदीचा पुरस्कार केला. त्यांच्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रियांची शिफारसही व्हायची. पुढे याच विचाराचं टोक जर्मनीत नाझी राजवटीने गाठलं. तिथे लाखो लोकांची सक्तीने नसबंदी झाली आणि हजारो मनोरुग्णांना ठार मारलं गेलं. ब्लॉयलर त्यात नव्हते. पण रुग्णाचं बोलणं इतक्या आपुलकीने ऐकणारा माणूसही त्याच्या जगण्याचा निर्णय त्याला न विचारता घ्यायला तयार होऊ शकतो, हे आपण विसरता कामा नये.

आणखी एक. त्यांनी दिलेलं नावही पुढे अडचणीचं ठरलं. दुभंगलेलं मन म्हटल्यावर लोकांना वाटलं, एका शरीरात दोन माणसं! सिनेमांनी हा गैरसमज आणखी वाढवला. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व नव्हे, हे वाक्य तुम्ही वहीत लिहूनच ठेवा. ब्लॉयलर यांना विचार आणि भावना यांच्यातली फूट सांगायची होती, दोन माणसं नव्हे.

पुढे काय झालं?

ब्लॉयलर १९२७ मध्ये निवृत्त झाले आणि १५ जुलै १९३९ रोजी झोलिकोनलाच, जन्मगावी, त्यांचं निधन झालं. त्यांचे चिरंजीव मानफ्रेड ब्लॉयलर हेही मनोविकारतज्ज्ञ झाले आणि १९४२ मध्ये त्याच बुर्गहोल्झ्लीचे प्रमुख झाले. आत्याबरोबर एका घरात वाढलेला हा मुलगा. त्यांनी २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ स्वतः मागोवा घेतला. तो अभ्यास १९७२ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यात दिसलं की काही रुग्ण पूर्ण बरे होतात, पुष्कळ जण सुधारतात, आणि आजार वर्षानुवर्षं वाढतच जातो हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. वडिलांनी नाव बदलताना जे म्हटलं होतं, त्याला मुलाने आकड्यांचा आधार दिला.

दरम्यान १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग दिसून आला आणि औषधोपचाराचं नवं पर्व सुरू झालं. आज या आजाराचं निदान ब्लॉयलर यांच्या पद्धतीने होत नाही, पण नाव त्यांचंच चालू आहे. सगळीकडे मात्र नाही बरं का! जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ मन फुटल्याचा आजार असा होता. रुग्णांच्या कुटुंबांनी ते बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये तिथे अधिकृतपणे नवं नाव आलं. त्याचा अर्थ साधारण असा: मनाचा मेळ बिघडण्याचा आजार. बिघडलेलं पुन्हा जुळवता येतं, ही आशा त्या नावात आहे. ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये जे केलं, तेच पुन्हा एकदा घडलं.

आपण यातून काय घ्यायचं?

जगात अंदाजे दर तीनशे माणसांमागे एकाला हा आजार होतो. म्हणजे आपल्या गावात, आपल्या गल्लीत, कदाचित आपल्या नात्यातही असं कुणी असेल. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा मराठी चित्रपट आला. त्यात या आजाराने ग्रासलेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा आहे. ब्लॉयलर यांच्या घरी आजारी बहीण आणि सांभाळणारा भाऊ होता. देश वेगळा, काळ वेगळा, पण दुःख तेच आणि मायाही तीच.

आपल्याकडे असा माणूस दिसला की आपण पटकन काय म्हणतो? वेडा, खुळा, बाहेरचं झालंय. मग अंगारे-धुपारे सुरू होतात आणि उपचारांची मोलाची वर्षं निघून जातात. आजार साधारण ऐन तारुण्यात सुरू होतो, आणि उपचार जितके लवकर तितका फायदा जास्त. म्हणून कुणी अचानक एकटं राहायला लागलं, झोप उडाली, बोलण्याचा धागा तुटायला लागला, नसलेले आवाज ऐकू येतात असं म्हणायला लागलं, तर हसू नका. शांतपणे ऐका आणि मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन चला. भारत सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. बघा, आपल्या भाषेत ऐकणारं कुणीतरी हवं, हीच तर झोलिकोनच्या शेतकऱ्यांची मागणी होती!

आपण सगळे काही डॉक्टर होणार नाही. पण कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची आणि कुणाचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं, हे तर आपल्या हातात आहे.

विचार करा आणि वहीत लिहा

१. 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' आणि 'स्किझोफ्रेनिया' या दोन नावांच्या अर्थात कोणता फरक आहे? त्या फरकाने रुग्णाच्या घरच्यांना काय वाटलं असेल?
२. रुग्णाची बोली डॉक्टरांना येणं का गरजेचं आहे? तुमच्या घरातल्या एखाद्या अनुभवावरून पाच ओळी लिहा.
३. ब्लॉयलर यांची कोणती गोष्ट तुम्हाला पटली आणि कोणती पटली नाही? दोन्हींची कारणं द्या.
४. तुम्ही कुणाला लावलेलं असं एखादं नाव आहे का, जे आजपासून तुम्ही वापरणार नाही? हे उत्तर कुणाला दाखवायची गरज नाही. स्वतःसाठी लिहा.